चित्र काढल्याने अभ्यास लक्षात राहतो का? डी.एल.एड.च्या एका विद्यार्थिनीला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहात. कलाशिक्षण आणि कार्यानुभवासाठी कोलाज, ठसेकाम, मुखवटे, तक्ते सतत करावे लागतात आणि फायली सजवण्यात रात्री जातात. इकडे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) तोंडावर आलीय, पण बालमानसशास्त्र आणि विज्ञान वाचलं की दोन दिवसांत पुसलं जातं. ‘कलाकृती करताना शिकलेलं दृढ होतं’ असं वर्गात सांगतात, ते खरं की सबमिशनपुरतं? शिवाय ‘माझं चित्र मुळातच वाईट आहे, क्लास लावू का?’ असंही तुम्ही विचारलंय.

मी अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि गेली पंधरा वर्षं अध्यापक विद्यालयात शिकवतेय. फायली करून घेणाऱ्यांतली मीही एक आहे. त्यामुळे तुमची तक्रार मला आतून कळते आणि ती बरीचशी रास्त आहे.

पण तुम्ही प्रश्न ‘कला की अभ्यास’ असा मांडलाय, तिथे माझं मत वेगळं आहे. अडचण आहे ती हात एका कामात आणि डोकं दुसऱ्याच कामात असतं, याची. हृदयाचा तक्ता करताना तुमच्या डोक्यात ‘बॉर्डरला लाल शोभेल की सोनेरी?’ हा प्रश्न असेल, तर आठवड्यानंतर तुम्हाला बॉर्डर आठवेल. ‘फुप्फुसातून आलेलं रक्त कुठल्या कप्प्यात शिरतं?’ हा प्रश्न असेल, तर कप्पा आठवेल. तक्ता तोच, स्केचपेनही तीच. हात चालू असताना मनात कशाचा विचार होता, त्यावर सगळं ठरतं.

हे मी फार उशिरा शिकले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी चौथीच्या वर्गात मी जलचक्राचं मॉडेल करून घेतलं. थर्माकोलचे डोंगर, निळ्या जिलेटीनची नदी, कापसाचे ढग. दोन दिवस मुलं जागची हलली नाहीत, आणि मीही खूश होते. पंधरा दिवसांनी विचारलं, “नदीतलं पाणी ढगापर्यंत पोचतं कसं?” वर्ग गप्प. मग एक मुलगी उत्साहाने उठून म्हणाली, “बाई, ढगाचा कापूस आमच्या शेतातला होता!” तिची आठवण अगदी बरोबर होती. दोन दिवस ती कापूस पिंजत आणि चिकटवत होती, म्हणून तिला कापूस आठवला. बाष्पीभवनाचा विचार तिने जेमतेम पाच मिनिटं केला असेल, तोही मी बोलत होते म्हणून.

पुढच्या वर्षी मी मॉडेल केलं नाही. मुलांना घरी भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने वहीच्या अर्ध्या पानात पातेलं आणि झाकण काढायचं, झाकणाच्या आतले थेंब काढायचे, आणि ते थेंब कुठून आले ते बाणाने दाखवायचं. चित्रं ओबडधोबड होती. पण एका मुलाने बाण बाहेरून आत काढला होता, म्हणजे पाणी हवेतून झाकणावर आलं. त्याच्या शेजारच्याने आतून वर काढला होता. त्या दोन बाणांवरून वर्गात जो वाद झाला, तो मधल्या सुट्टीतही थांबला नाही. वर्षअखेरीला त्या वर्गाला जलचक्र विचारलं तेव्हा मुलांनी आधी पातेलं काढलं आणि मग ढग.

आता तुमच्या वयाच्या मुलींचा अनुभव सांगते. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात मी एक गोष्ट करून घेते. “मोड आलेला कडवा वाल काढा, सोलायच्या आधीचा. वेळ तीन मिनिटं.” सगळ्या हसतात, कारण वाल सोलला नाही अशी मुलगी आमच्याकडे क्वचितच असते. रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे, की डाळिंब्या तयार. आयुष्यात हजारो वाल या बोटांखालून गेलेले असतात. तरी वह्यांवर काय येतं? कुणाचा मोड पाठीच्या मधोमध फुटलेला, कुणाचा दोन्ही टोकांना. कुणी थेट दोन पानंच काढलेली. आणि दाण्याच्या कडेला जी ठळक पांढरी रेघ असते, ती बहुतेक चित्रांत नसतेच.

मग मी भिजवलेले वाल वाटते. पांढरी रेघ बघा. तिथे दाणा शेंगेला चिकटलेला होता. आता दाणा चिमटीत दाबा. रेघेच्या एका टोकाशी बारीकसा थेंब येतो, तिथे बीजरंध्र आहे. साल काढून दोन दलं अलग केली की इवलासा कोंब दिसतो, आणि त्यातल्या मुळाचं टोक त्याच छिद्राकडे वळलेलं असतं. मोड तिथूनच येणार! हे बघून पुन्हा चित्र काढायचं. दुसरं चित्र पहिल्यापेक्षा देखणं नसतं, पण त्यातली प्रत्येक रेघ विचारपूर्वक आलेली असते. दोन वर्षांनी निरोपाच्या दिवशीसुद्धा या मुली मला फळ्यावर वाल काढून दाखवतात. मी न विचारता.

असं का होतं? ‘बीजातून आदिमूळ बाहेर येते’ हे वाक्य लिहिताना ते नेमकं कुठून येतं हे ठरवावं लागत नाही. वाक्य बरोबर, गुण पूर्ण. चित्र काढताना पेन कागदाला टेकवायच्या आधीच ठरवावं लागतं : कुठून सुरू करू, कुठे थांबवू, किती काढू, काय कशाला जोडलेलं आहे. जिथे पेन अडतं, तिथे आपल्याला माहीत नसतं. इंग्लंडच्या लिव्हरपूल विद्यापीठात रिबेका लॉसन यांनी 2006 साली लोकांना सायकल काढायला सांगून हेच दाखवलं. रोज दिसणाऱ्या वस्तूची साखळी कुठून कुठे जाते आणि दांडा कशाला जोडलेला असतो, यात कितीतरी जण चुकले. ‘मला हे माहीत आहे’ असं वाटणं आणि ते माहीत असणं यातलं अंतर नुसतं वाचून कळत नाही. टीईटीच्या अभ्यासात तुमचं नेमकं हेच होतंय असं मला वाटतं. पान वाचलं, ओळखीचं वाटलं, पुढे गेलात.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग तर तुमच्या फायलींशी थेट जुळतात. साधे शब्द दाखवायचे. काहींचं चित्र काढायचं, काही पुन्हा पुन्हा लिहायचे, प्रत्येक शब्दाला 40 सेकंद. नंतर आठवतील तेवढे सांगायचे. चित्र काढलेले शब्द लिहिलेल्या शब्दांपेक्षा बरेच जास्त आठवले. शब्दाची अक्षरंच नक्षीने सजवली, तर मात्र तसा फायदा मिळाला नाही. दुसरं म्हणजे चित्राला फक्त 4 सेकंद दिले तरी चित्रच वरचढ ठरलं, आणि ते किती सुबक आहे याने फरक पडला नाही. त्यांचं स्पष्टीकरण असं की चित्र काढताना अर्थाचा विचार, हाताची हालचाल आणि डोळ्यांसमोरची प्रतिमा ही तिन्ही एकत्र येतात. सुटे शब्द म्हणजे धडा नव्हे, म्हणून मी या प्रयोगांवरच सगळा भार टाकत नाही. पण शीर्षकाला नक्षी काढण्यात गेलेली तुमची रात्र आणि तीन मिनिटांत काढलेलं वेडंवाकडं हृदय यात आठवणीसाठी काय उपयोगाचं, ते त्यावरून समजतं.

तुमचा पुढचा प्रश्न न विचारलेला आहे, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला नुसतं लक्षात ठेवायचं नाहीये, उद्या शिकवायचं आहे. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू इथे जे देते, ते पुस्तक देऊ शकत नाही.

मागच्या वर्षी आंतरवासितेत (प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावात) आमच्या एका छात्राध्यापिकेचा अपूर्णांकांचा पाठ होता. टाचण उत्तम. उद्दिष्टं, साधनं, मूल्यमापन सगळं जागेवर. फळ्यावर तिने भाकरी काढली, मधोमध रेघ मारून ‘एक द्वितीयांश’ झकास दाखवला. मग ‘आता तीन समान भाग करू’ म्हणाली, आणि खडू हवेतच राहिला. गोलाचे तीन सारखे भाग सहजासहजी होत नाहीत. तिने तीन उभे काप केले. पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “ताई, मधला मोठा झाला.” मुलगा बरोबर होता आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. गोल कागदाची घडी घालून तीन भाग करायला तिला अर्धा तास लागला. मग कागदाची लांब पट्टी घेतली आणि दोन घड्यांत तीन भाग झाले. तिथे तिला कळलं की अपूर्णांकासाठी पट्टी का सोयीची असते, मुलं ‘तीन भाग’ आणि ‘तीन समान भाग’ यात का गोंधळतात, आणि भाकरीने सुरुवात करायची तर निम्मे आणि पाव यापुढे भाकरीला का ताणायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुलांना पट्ट्या दिल्या. मधला भाग मोठा झाला म्हणणाऱ्या त्याच मुलाला तिने पुढे बोलावून विचारलं, “तुला कसं कळलं रे?” तो बोलायला लागला, आणि पाठ तिथून पुढे गेला.

आधी स्वतः करून बघितलं असेल, तर मूल कुठे अडखळणार हे बोटांना आधीच माहीत असतं. म्हणून माझा आग्रह असा की वर्गात मुलांकडून जे करून घ्यायचं, ते आदल्या दिवशी स्वतः एकदा करावं, तेही मुलांच्याच साहित्याने : बोथट पेन्सिल, पातळ कागद, वीस मिनिटं.

तयार तक्ता टांगणं आणि बोलता बोलता फळ्यावर चित्र काढणं यातही मोठा फरक आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी बघायला मिळाली तर जरूर बघा. ठाकर समाजाची ही परंपरा. चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर येतं आणि गाण्यातून, निवेदनातून कथा पुढे सरकते. सगळी चित्रं एकदम मांडून ठेवली तर कथेतली मजाच जाईल. फळ्याचंही तसंच आहे. रक्ताचा बाण तुम्ही बोलता बोलता काढला, तर मुलांचे डोळे बाणाबरोबर चालतात. छापील तक्त्यावर सगळे बाण आधीच काढलेले असतात, त्यामुळे कुठून बघायला सुरुवात करायची हेच मुलांना समजत नाही.

आणखी एक निरीक्षण आहे. शब्दांत मागे पडणारी मुलं चित्रात पुढे येतात. ज्यांच्या घरी पावरी किंवा कोरकू अशा आदिवासी भाषा बोलतात त्यांना माहीत सगळं असतं, पण पुस्तकातल्या मराठीत ते मांडता येत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मॅरिएल हार्डिमन यांच्या गटाने पाचवीचे विज्ञानाचे पाठ कलेच्या कृतींसह आणि त्यांच्याशिवाय शिकवून पाहिले. वाचनात कच्च्या असलेल्या मुलांना कलेसह शिकलेलं जास्त टिकल्याचं त्यांना आढळलं. आपल्या वर्गांत अशी मुलं किती असतात ते आंतरवासितेत तुम्ही पाहिलंच असेल.

आता कुठे काय चालत नाही ते सांगते, कारण चित्र हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध नाही. एखादी रचना असेल (हृदय, फूल, शेताचा नकाशा), क्रिया असेल (अंकुरण, पचन) किंवा तुलना असेल, तिथे चित्र जोरदार काम करतं. कोठारी आयोग 1964-66, शिक्षण हक्क कायदा 2009 चा आणि लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, असले आकडे चित्राने पाठ होत नाहीत. आधी काय, नंतर काय हा क्रम पट्टीवर काढता येईल, पण वर्ष घोकावंच लागेल. व्याकरणाचे नियमही उदाहरणं सोडवूनच पक्के होतात. वेळेचाही प्रश्न आहे. परीक्षेला तीन महिने असतील तर मी सांगते ते निवांत करा. पंधराच दिवस असतील तर फक्त नेहमी गोंधळ होणारे आठ-दहा घटक निवडा आणि बाकीच्यासाठी सराव प्रश्नपत्रिका सोडवा. टीईटीच्या पेपर एकमध्ये 150 मिनिटांत 150 प्रश्न असतात. तो वेगाचा सराव चित्र काढून होणार नाही.

करायचं कसं? एक घटक वाचा. पुस्तक मिटा. मिटाच, कारण उघड्या पुस्तकातून चित्र उतरवणं हे डोळ्याचं आणि हाताचं काम, त्यात आठवण्याचा भाग नसतो. साध्या बॉलपेनने चार-पाच मिनिटांत जे आठवेल ते काढा, मोजक्याच शब्दांनी नावं द्या. मग पुस्तक उघडा आणि चुकलेलं, राहिलेलं लाल पेनने त्याच चित्रावर दुरुस्त करा. ते लाल म्हणजे तुमचा खरा अभ्यास. दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा काढा, आठवड्याने पुन्हा. लाल कमी होत जातं. शेवटी ते चित्र हॉस्टेलच्या मैत्रिणीला समजावून सांगा. तिने ‘हे इथे का?’ विचारलं आणि तुम्ही अडलात, तर तो भाग परत वाचा.

मानसशास्त्राचं चित्र कसं काढायचं, असं वाटेल. मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या, मुलांची विचारशक्ती कशी वाढते त्याच्या चार अवस्था घ्या. आमच्या एका विद्यार्थिनीने कणकेचे गोळे काढले होते. पहिल्या चौकटीत वर्षाचं बाळ गोळा तोंडात घालतंय : संवेदन-कारक अवस्था, जन्मापासून दोन वर्षं. दुसऱ्यात चार वर्षांच्या मुलासमोर सारखे दोन गोळे, त्यातला एक वळून लांब केला की ते म्हणतं, “हा जास्त झाला” : पूर्वक्रियात्मक, दोन ते सात. तिसऱ्यात आठ वर्षांची मुलगी म्हणते, “तेवढीच आहे, तू फक्त लांब केलीस” : मूर्त क्रियात्मक, सात ते अकरा. चौथ्यात तेरा वर्षांचा मुलगा समोर कणीक नसतानाच विचार करतोय, “याचे हजार तुकडे केले तर?” : औपचारिक क्रियात्मक, अकराच्या पुढे. माणसं म्हणजे काड्या आणि गोल, एवढंच. पण प्रत्येक चौकटीत मुलाच्या तोंडी काय घालायचं हे ठरवताना तिला ती अवस्था समजून घ्यावीच लागली. तिने घरी जाऊन चार वर्षांच्या भाच्यावर हा प्रयोग केला, आणि त्याने खरंच “लांबडा जास्त आहे” म्हटलं. ती अवस्था आता ती विसरेल असं मला वाटत नाही.

गाणं, नाट्यीकरण, मातीकाम यांनाही हीच कसोटी. पचनसंस्थेचं नाट्यीकरण करताना ‘घास’ झालेला मुलगा जठरात किती वेळ थांबायचं आणि लहान आतड्यात त्याच्यातलं कोण कुठे जायचं हे ठरवत असेल, तर शिकणं चालू आहे. सगळा वेळ मुकुट आणि संवाद पाठ करण्यात जात असेल तर त्याला स्नेहसंमेलनाची तयारी म्हणावं. तीही चांगली गोष्ट आहे, पण वेगळी.

‘माझं चित्र वाईट आहे’ याचं उत्तर वर बरंचसं येऊन गेलंय. अभ्यासासाठी क्लास लावू नका. फळ्यासाठी मात्र हात थोडा सरावायला हवा. त्यासाठी वारली चित्रं लक्ष देऊन बघा : टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर गोल म्हणजे डोकं, रेघांचे हातपाय. एवढ्यात पेरणी, नाच, पाणी भरणं सगळं दिसतं, कारण त्या लोकांनी शरीर कसं वाकतं ते नीट पाहिलेलं आहे. रोज दहा मिनिटं फळ्यावर खडूने माणूस, झाड, घर, बैल, भांडं असं काढत राहिलात, तर दोन महिन्यांत आंतरवासितेपुरता हात बसतो. खडू आडवा धरला की जाड रेघ येते आणि टोकाने बारीक, हेसुद्धा फळ्यावर काढूनच कळतं.

राहता राहिल्या फायली. त्या द्याव्याच लागणार, त्यातून सुटका नाही. पण विषय निवडायची मुभा बहुतेक ठिकाणी असते. पुढच्या सबमिशनसाठी जो घटक तुम्हाला सगळ्यात कमी समजलाय तोच घ्या. पहिलं चुकलेलं चित्र, त्यावरची लाल दुरुस्ती आणि आठवड्यानंतरचं चित्र, अशी तिन्ही पानं एकामागोमाग लावा, आणि का लावलीत ते दोन ओळींत लिहा. सजावट कमी म्हणून गुण कापतील अशी भीती वाटत असेल तर आधीच मार्गदर्शक शिक्षकांशी बोला. माझ्याकडे अशी फाईल आली तर मी ती पुढच्या वर्षीच्या मुलींना दाखवायला ठेवून घेते. अशा अकरा फायली आज माझ्या कपाटात आहेत आणि त्यातल्या एकीलाही जरीची बॉर्डर नाही.